शिखरावर म्हशी कशा?

डोंगराचं शिखर गाठायला निघालेला माणूस गळ्यापर्यंत चिखलात बुडेल का? मी बुडले. तेही मनगटावर होकायंत्र असताना! हसा, खुशाल हसा; पण चूक माझी नव्हती. निदान पहिली तरी नव्हती.

मी आदल्याच संध्याकाळी मावशीकडे पठारावर आले होते. सकाळी बघते तर हे दाट धुकं! उडत्या रिक्षासुद्धा बंद. अंगणात दात घासत उभी होते, तेवढ्यात धुक्यातून हळदीच्या रंगाचं, तीन पायांचं, माझ्या कमरेएवढं काहीतरी पुढे आलं.

"नमस्कार. नागरिकांना कळविण्यात येते की मी हरवलो आहे."

मी पेस्ट गिळली. त्याचं नाव ओंबू. आपल्या रेडिओवरच्या बातम्या ऐकून तो मराठी शिकला होता, त्याची आई नाटकं ऐकून, आणि यानाच्या दारातून नको तेवढं वाकून बघताना खाली पडला होता.

"आईने निक्षून सांगितले आहे," तो म्हणाला. "हरवलास तर त्या भागातल्या सगळ्यात उंच जागी जाऊन उभा राहा, मी तिथे येते. यान तासाभरात येईल. इंधन थोडे आहे. मी सापडलो नाही तर आईला परत जावे लागेल. पुढची फेरी तू आजी झाल्यावर."

अगं बाई! एवढंसं पोर, आणि आईविना इतकी वर्षं? मी चूळ भरली आणि त्याचा हात धरला.

ओंबूकडे उंचीजाळी होती (जमिनीचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकाची उंची ओळीने लिहिलेला तक्ता). आकडे आपल्याच उपग्रहाचे. त्यावरून त्याने एका पारदर्शक पापुद्र्यावर नकाशा काढला होता. सगळ्यात उंच जागा लाल, सगळ्यात सखल निळी. मधोमध मावशीचं घर, आणि लाल ठिपका आग्नेयेला (पूर्व आणि दक्षिण यांच्या मधली दिशा).

होकायंत्र बघत आम्ही आग्नेयेला निघालो. चढ काही येईना. मग पायाखालची जमीनच गेली आणि मी डबक्यात! बाजूला म्हशी शांतपणे रवंथ करत होत्या.

"अभिनंदन, शिखर आले," ओंबू म्हणाला.

"शिखर कसलं, कर्म माझं! तू नकाशा उलटा धरलायस." मी पापुद्रा त्याच्या हातून घेतला आणि ताट फिरवावं तसा गर्रकन अर्धा फिरवला. लाल ठिपका आता वायव्येला (पश्चिम आणि उत्तर यांच्या मधली दिशा) गेला. तिकडे पळालो, तर करवंदीची जाळी. काटेच काटे! ओंबूला रडू फुटलं. त्याला नाकं दोन, त्यामुळे ते रडणं बघवत नव्हतं.

ही दुसरी चूक मात्र माझी. मी खाली बसले आणि स्वतःलाच म्हटलं, पळू नकोस, आधी विचार कर. आपल्याला नक्की काय ठाऊक आहे? डबकं आग्नेयेला आहे, ते अंगाला लागलंय. मग पापुद्रा होता तसा धरून बघितलं. त्यावर डबक्याचा निळा ठिपका ईशान्येला (पूर्व आणि उत्तर यांच्या मधली दिशा) होता!

"ओंबू, पूर्वेचं पूर्वेलाच राहिलंय. फक्त उत्तर-दक्षिण बदललीय. तू आकड्यांची पहिली ओळ कुठे मांडलीस?"

"खाली," तो हुंदके देत म्हणाला. "विटांची पहिली ओळ खालीच असते ना? वरून भिंत कोण बांधतो?"

चुकीचं तरी काय होतं त्याचं?

"अरे, पण आपल्या उपग्रहवाल्यांनी लिहिताना सुरुवात उत्तरेकडून केलीय, पानावर वरून खाली लिहितो तशी. नकाशात उत्तर वर धरलीस, तर पहिली ओळही वरच हवी. तू खालून भिंत रचलीस आणि उत्तर दक्षिणेला गेली. ही आरसाप्रतिमा झाली (आरशासारखी एकच बाजू पालटलेली आकृती). ताट फिरवून ती सुधारत नाही, कारण फिरवलं की पूर्व-पश्चिमही बदलते. भाकरी उलथायला हवी!"

मी पापुद्र्याची वरची कड खाली आणून तो पालथा केला. लाल ठिपका ईशान्येला आला, आणि निळा बरोब्बर डबक्यावर.

आम्ही धावलो. या वेळी खरा चढ लागला. माथ्यावर पोचलो तर खाली सगळं दुधासारखं धुकं आणि वर लख्ख ऊन. ओंबूने उडीच मारली. पण यान? ते लांब, आग्नेयेला, डबक्यावर उतरत होतं!

आईनेही नकाशा त्याच पद्धतीने काढला होता. मी शहाणपणा केला नसता, तर दोन चुका एकमेकींना केव्हाच भेटल्या असत्या.

यान जवळ आल्यामुळे ओंबूच्या कानातलं बोलायचं यंत्र आता कुठे खरखरलं. "कुठे आहेस, कार्ट्या? मी शिखरावर उभी आहे. इथे शिंगवाली मंडळी नुसती तोंड हलवतात, उत्तर देत नाहीत! इंधन संपत आलंय!"

"आई, ते शिखर नव्हे!"

"आकडे चुकत नसतात!"

"आकडे बरोबरच आहेत, काकू!" मी ओरडले. "मांडणी उलटी झालीय! पहिली ओळ उत्तरेची आहे, ती वर घ्या!"

यान उठलं आणि सरळ वायव्येला गेलं. ताट फिरवलं बाईंनी! आम्ही दोघं घसा फोडून ओरडलो, "फिरवू नका, उलथा!" यान क्षणभर थबकलं, वळलं, आणि आमच्या डोक्यावर येऊन उभं राहिलं.

आईने ओंबूला उचललं, तिन्ही पायांवर एकेक चापट दिली आणि मग घट्ट पोटाशी धरलं. मला रडू आवरेना.

मग तिने पापुद्रा उलथून पाहिला. "आमच्या शाळेत शिकवतात," ती हळूच म्हणाली, "की पृथ्वीवरची माणसं थापाडी आहेत. डोंगर सांगतात, आणि जाऊन बघावं तर समुद्र निघतो. म्हणून कुणी तुमच्याकडे येत नाही." तिने पापुद्रा माझ्याकडे परत दिला. "तुम्ही खरंच सांगत होतात. माफ कर, बाळ. तो धडा मी बदलायला लावीन."

अख्ख्या पृथ्वीच्या वतीने उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली होती, आणि माझ्या केसांत काटे नि कानात चिखल होता.

"असू दे हो, काकू," मी म्हणाले. "होतं असं. पुढच्या फेरीला दिवाळी साधून फराळाला या, सगळ्यांना घेऊन."