साहेबांचं शिखर

शिखरावरचा रिपीटर, म्हणजे शहरातला सिग्नल झेलून दरीत सोडणारं यंत्र, शोधून सुरू करायचं, एवढ्यासाठी आम्ही दोघं पहाटे निघालो. पाठीवर नवी बॅटरी घेतलेली मी, आणि दोर घेतलेले वाटाडे बाबा. खाली वस्तीच्या दवाखान्यात बाबांची सात महिन्यांची गरोदर मुलगी होती. रक्तदाब चढलेला, नुकताच आकडीचा पहिला झटका येऊन गेलेला. झटके थांबवणारं इंजेक्शन सिस्टरच्या कपाटात होतं. ते किती आणि कसं द्यायचं हे सांगणारे डॉक्टर शहरात होते, आणि त्यांना दाखवणारा पडदा दोन वर्षं भिंतीवर काळाठिक्कर लटकत होता.

आमच्या कार्यालयातल्या नकाशात मात्र या शिखरावर हिरवा ठिपका होता. ‘यंत्र कार्यरत.’ दर महिन्याला त्याखाली मी सही करत असे. न पाहता!

अर्ध्या चढावर बाबा एका कपारीपाशी थबकले.

“बाबा, थांबू नका! शिखर वर आहे.”

“यंत्र इथं आहे, पोरी.”

जिथे दुपारचं ऊनही वाकून पाहत नव्हतं अशा त्या ओल्या अंधारात खांब, पेटी, सौर पॅनेल, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडलं होतं.

“मीच आणलं पाठीवरून. इथं तुमच्या साहेबांना दम लागला. म्हणाले, उतरव, हेच शिखर. मग खांब कपारीबाहेर उभा धरायला लावला, स्वतः आडवे झाले आणि खालून फोटो काढला. मागं नुसतं आभाळ.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“मला वाटलं, साहेबांचं शिखर जरा खाली असेल.”

हसू आलं नाही. संताप असा उसळला, की समोरच्या कातळाचा लचका तोडावा. त्या फोटोवर साहेबांना शाबासकी मिळाली होती, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

वॉकीटॉकी खरखरला. सिस्टर! “ताई, दुसरा झटका आलाय. किती वेळ लागेल?”

बाबांनी खांब आणि पेटी पाठीला बांधली. मी पॅनेल उचललं. वर सुटे दगड, खाली दरी. धारेवर पोहोचलो आणि वाऱ्याने पॅनेल शिडासारखं धरलं! पाय सुटले. दोर ताणला. बाबा खडकाला पोटाशी धरून ओरडले,

“सोड ते!”

“त्याच्याशिवाय बॅटरी चार तासांत संपेल!”

“चार तास पुरतात! तू उरायला हवीस!”

सोडलं. पॅनेल उन्हात एकदा लखलखलं आणि दरीने ते गिळलं.

शिखरावर दगड रचून खांब रोवला. बोटं सोलली. तारा जोडल्या. दिवा लाल. पुन्हा घट्ट केल्या. लालच! खांबाचं तोंड तसूभर वळवलं.

हिरवा!

“दिसले!” वॉकीटॉकीत सिस्टर रडत होती की हसत होती, कळेना. तिच्यामागून डॉक्टरांचा शांत आवाज येत होता. मात्रा, मग वेळ, मग श्वास मोजायची सूचना. बाबा डोळे मिटून उकिडवे बसले. वीस मिनिटं मी वाऱ्यात खांब दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“थांबलेत झटके. बाळाचे ठोके लागतायत. रस्त्यापर्यंत डोलीनं न्यायचंय, शहरातून गाडी निघालीय.”

आता माझा मोबाइलही वाजला. साहेब. शहरातून त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचली होती.

“दुरुस्तीची नोंद करू नका. कागदोपत्री यंत्र दोन वर्षं चालूच आहे.”

“या दोन वर्षांत खालच्या दवाखान्यातून किती जणी चौघांच्या खांद्यावरून परत गेल्या, तेही आहे का कागदावर?”

“प्रत्येक महिन्याखाली तुमची सही आहे, विसरू नका.”

“चोवीस आहेत. सगळ्या जोडते अहवालाला.”

मी वहीत तारीख घातली आणि लिहिलं: ‘यंत्र आज प्रथमच सुरू. स्थळ: शिखर.’

“वाच बघू,” बाबा म्हणाले. वाचलं. त्यांनी बॅटरीच्या काळ्या ग्रीसमध्ये अंगठा बुडवला.

“मागचा अंगठा साहेबांनी कपारीत घेतला होता, काही वाचून न दाखवता,” ते म्हणाले, आणि माझ्या सहीशेजारी कागद फाटेल इतक्या जोराने तो दाबला.