गुहेतल्या लोकांचा होकार

नौपाड्यातल्या त्या दवाखान्यात बोबडं बोलणारी मुलं येत, त्यांच्या आया येत. अद्वय मात्र एकटाच आला. स्पीच थेरपिस्ट अक्षदानं विचारलं, "पेशंट कुठाय?"

"पेशंट नाही... भाषा आहे," तो म्हणाला. "मी बनवतोय, गेमसाठी. त्यातली माणसं गुहेत राहतात. आणि त्यांचे आवाज माझ्याच तोंडातून निघत नाहीयेत!"

अक्षदाला हसू आवरेना. मग तिनं त्याचा हात धरून आपल्या ओठांसमोर आणला. लहान मुलांना ती असंच शिकवायची. "हा क... आणि हा ख. कळला फरक? ख म्हटला की तळहाताला वारा लागतो."

वारा लागला खरा... आणि मग दर शनिवारी लागू लागला. जिभेच्या टोकाचे आवाज झाले, टाळूचे झाले, घशातले खरखरीत झाले. 'हो' कसं म्हणायचं, यावर दोघं खूप भांडली. शेवटी अक्षदाच म्हणाली, "तुझ्या गेममध्ये गुहेबाहेर शत्रू ऐकत असतो ना? मग आवाजच नको. नुसता श्वास सोडायचा, समोरच्याच्या तळहातावर." तो तिच्याकडे बघतच राहिला.

इतकं छान चाललेलं असताना जेनिफर उगवली. गुहेतल्या राणीला आवाज देणारी. मग काय, उठता-बसता जेनिफर! "काय भारी घसा आहे तिचा! तो खरखरीत आवाज एका दमात काढला, यार!" अक्षदाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आवाज शोधले कुणी आणि कौतुक कुणाचं! त्याहून एक विचार तिला जाळत होता... हा तिलाही तसंच शिकवत असेल. हात पुढे करून.

त्या शनिवारी तो आलाच नाही, रेकॉर्डिंग होतं. अक्षदानं रिक्षा केली आणि थेट वागळे इस्टेट गाठलं. जायचं निमित्त रिक्षात सुचेल असं तिला वाटलं होतं. सुचलं नाही.

स्टुडिओचं दार ढकललं, तर अद्वय हात लांब करून उभा, चिमटीत टिश्यू पेपरची पट्टी. माइकसमोरच्या जेनिफरनं 'ख' म्हटलं आणि पट्टी फडफडली.

"तू अक्षदा ना?" जेनिफर वैतागून म्हणाली. "हा दिवसभर तुझंच गातो, म्हणून ओळखलं. अगं, मी याला म्हटलं, हात धर, मला पटकन कळेल. तर नाही! पेपरच पाहिजे म्हणे. मी काय चावते?"

"का रे?" अक्षदाचा आवाज उगाच चढला. "मी तर हातावरच शिकवलेलं."

अद्वयचे कान लाल झाले. "म्हणूनच... त्या हातावर दुसरं कुणी नको. मला तू आवडतेस, अक्षदा. तुला... म्हणजे... मी चालेन?"

महिनाभर साठवलेला राग कुठल्या कुठे पळाला. पण बोलायला जावं तर शब्दच फुटेना. दुसऱ्यांना बोलतं करणं हे जिचं काम, तिची ही तऱ्हा! तिनं पुढे होऊन त्याचा हात ओढला आणि ओठांसमोर धरला.

जेनिफरनं हेडफोन कानांवर दाबले. "काहीच ऐकू नाही आलं! परत एकदा, प्लीज!"

"मला पोचलं," अद्वय म्हणाला, आणि त्यानं मूठ घट्ट मिटून घेतली.