त्रासांक शून्य

पागा तालमीच्या स्टँडमध्ये आता पाठ टेकून बसावं लागे. पुढं वाकलं, की खुर्चीच्या हातावरचा दिवा तांबडा होई आणि आतून एक बाई अत्यंत नम्रपणे म्हणे, "कृपया नीट टेकून बसा. आपला कौल पोहोचत नाही." कोल्हापुरात फुटबॉल बघायला आलेल्या माणसाला टेकून बस म्हणणं म्हणजे वरातीत नाचणाऱ्याला रांगेत या म्हणण्यासारखं होतं. तरी लोक टेकत होते. कारण तालमीचा फुटबॉल संघ आता तेच निवडत होते.

सगळ्यात ताठ टेकायचा तो धैर्यशील सरनाईक. आईवडिलांनी हे नाव ठेवलं त्यात त्यांचा हेतू चांगला होता. पेठेच्या कोपऱ्यावर त्याचं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान होतं, आणि संघाची निवड कशी होते यावर तिथं वर्षानुवर्षं त्याचं एकच भाषण चालायचं. एक पोरगा अध्यक्ष आबासाहेबांच्या मेव्हण्याचा. एक, ज्यानं जर्सी दिल्या त्याच्या ओळखीतला. दोघं परदेशातून विमानानं आणलेले. ते कुठल्या जागेवर खेळतात हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नसायचं. आणि मग जागा उरल्याच तर फुटबॉल येणारी पोरं. एका हंगामात तर संघात चार सेंटर फॉरवर्ड होते आणि बॉल मागून पुढं आणणारा कुणीच नव्हता. चौघं समोरच्या गोलपाशी उभे राहून आपसात बोलत बसायचे. शेवटी शेवटी त्यांची समोरच्या गोलकीपरशीही चांगली ओळख झाली.

"संघ कुणाचा? पेठेचा!" धैर्यशील कात्री आपटून म्हणायचा. "मग निवडणार कोण? पेठ!"

त्यानं यासाठी साखळी उपोषण केलं. मॅचच्या दिवशी उपोषणाला सुट्टी असे. अखेर कमिटी वाकली आणि 'कौल' आला.

तो बनवला पेठेतल्याच मृण्मयी कुरणेनं. इंजिनियर झालेली, पुण्याची नोकरी सोडून आलेली पोरगी. पहिल्या दिवशी तिनं स्टँडमध्ये उभं राहून सगळ्यांना समजावलं. "खुर्चीच्या पाठीत एक पट्टी आहे. ती तुमची छातीची धडधड आणि श्वास मोजते. खांबावरचा माइक आवाज घेतो. बॉल कुणाच्या पायात आहे ते कॅमेरा बघतो. एखाद्याच्या पायात बॉल गेला की तुम्हाला किती त्रास होतो, ते कळतं. तो त्याचा त्रासांक. ज्याचा त्रासांक नव्वदच्या वर, तो पुढच्या मॅचला बाहेर."

"आणि जास्त आरडाओरडा करंल त्याचंच खरं होणार व्हय?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही. जो नेमानं येतो आणि ज्याचं काळीज खरंच हलतं, त्याच्या खुर्चीला वजन जास्त."

सगळ्यांनी धैर्यशीलकडं बघितलं. त्यानं मान लववून मान्यता दिली. वर दोन नियमही त्यानंच घालून घेतले. एक, हंगाम चालू असताना यंत्राला कुणी हात लावायचा नाही. नाहीतर आबासाहेब आपल्या मेव्हण्याच्या पोराचा आकडा खाली आणतील. दोन, खुर्ची रिकामी राहिली तर तो निषेध धरायचा, आणि खेळणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर टाकायचा.

सुरुवात सोन्यासारखी झाली. मेव्हण्याचा पोरगा पहिल्याच आठवड्यात गेला. जर्सीवाला गेला. प्रशिक्षक बाकावर नुसते बसलेले असूनही गेले. एकदा मैदानात कुत्रं घुसलं, बॉलमागं पळालं, आणि स्टँड इतकं खूश झालं की त्याचा त्रासांक शून्य आला. कौलानं त्याची डाव्या विंगवर शिफारस केली. कमिटीनं वयाच्या दाखल्याअभावी ती नाकारली. पण पुढं बरेच दिवस पेठेत यावर दोन मतं होती.

मग एका सोमवारी तालमीच्या दारावरच्या फलकावर नाव आलं: शिवतेज इंगवले, डावा बॅक. त्रासांक सत्त्याण्णव. हंगामातला सगळ्यात मोठा.

शिवतेज म्हणजे धैर्यशीलचा भाचा. वडील लष्करात लांब, म्हणून पोरगा मामाच्या दुकानात फोमच्या ढिगावर वाढला. बॉल अडवायला मामानंच शिकवलं, दुकानाच्या शटरपुढं. आता चोविशीचा झाला होता आणि पागेकडून खेळण्यापलीकडं त्याला आयुष्यात काहीही नको होतं. मामाला तर त्याहून काही नको होतं.

धैर्यशील फलकापुढून तडक मृण्मयीच्या खोलीत गेला. "पोरी, तुझं यंत्र बिघडलंय."

"बसा, काका." तिनं पडदा त्याच्याकडं वळवला. स्टँडचा नकाशा होता. सगळ्या खुर्च्या फिकट पिवळ्या. आठव्या ओळीत एकच लालभडक. "त्याच्या पायात बॉल आला, की ही खुर्ची पेटते. तुमची आहे. आणि सगळ्यात जास्त वजनही हिलाच आहे."

"मी? मी त्याला काढीन?"

तिनं माइकचं ध्वनिमुद्रण लावलं. खोलीत धैर्यशीलचाच आवाज घुमला. "ए रेड्या! मागं बघ की! मुडद्या, झोपलास काय? आरं तुझा मामा जित्ता हाय अजून, त्याला मारतोस काय रं!"

"हे प्रेमानं म्हटलंय," धैर्यशील म्हणाला.

"छाती एकशे चाळीसनं उडतीय, काका."

"मग? माझ्या पोराच्या पायात बॉल हाय! कुणाची उडायची, शेजाऱ्याची? आगं, त्या परदेशी गड्यांना मी कधी रेडा म्हणलोय काय? त्यांना म्हणतो 'कम ऑन'. शिवी द्यायला माणूस आपला कुणीतरी लागायला पाहिजे का नको?"

मृण्मयी पडद्याकडं बघत राहिली. तिच्या घरात तिला जेवायला बोलवायची रीतही "ये भवाने, गिळायला" अशीच होती. शिव्या यंत्राला तिनं एकेक करून शिकवल्या होत्या आणि प्रत्येकीपुढं 'त्रास' असं लिहिलं होतं. कुणाला दिली ते विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "दुरुस्त करता येईल. पण हंगाम चालू असताना हात लावायचा नाही."

"असला येडा नियम कुणी घातला?"

धैर्यशीलला आठवलं आणि तो पंख्याकडं बघू लागला.

एक वाट होती. काढलेल्या खेळाडूला फेरतपासणीची एक मॅच मिळे. ज्या खुर्चीनं त्याला काढलं, तिचा त्रासांक तीत खाली आला, तर जागा परत. म्हणजे धैर्यशीलनं नव्वद मिनिटं शांत बसायचं. आपल्याच्यानं ते होणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्यानं आपली विद्या वापरली. जाड फोमचं, आतून रेक्झिनचा दुहेरी थर दिलेलं एक सुरेख कव्हर शिवलं आणि मॅचच्या दिवशी खुर्चीच्या पाठीवर चढवलं. टेकल्याचा भार पट्टीला कळत होता, धडधड ऐकू जायचा मात्र प्रश्नच नव्हता. उरला आवाज. तेवढा आपण गिळू, असं त्यानं ठरवलं.

शिवतेजला यातलं काही सांगितलं नाही. पोराच्या डोक्याला कशाला ताप.

मॅच सुरू झाली. पहिल्यांदा बॉल शिवतेजच्या पायात आला, आणि सवयीनं त्याचा एक कान आठव्या ओळीकडं वळला. तिकडून काहीच आलं नाही. त्यानं बॉल दिला, तो भलत्यालाच गेला. धैर्यशीलनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. सगळं स्टँड त्याच्याकडं बघत होतं. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून तो माइकच्या दिशेनं म्हणाला, "असू दे, बाळ. छान प्रयत्न."

शिवतेज जागीच थांबला. मामानं त्याला जन्मात कधी बाळ म्हटलं नव्हतं. पाळण्यात होता तेव्हाही नाही. मामाला काही होतंय का बघायला तो वळला, तेवढ्यात समोरचा विंगवाला त्याच्या अंगावरून बॉल घेऊन गेला.

असं नव्वद मिनिटं चाललं. एवढी वर्षं "मागं बघ की" म्हटलं की मागून माणूस येतोय, आणि "झोपलास काय" म्हटलं की आत सरकायचं, हे दोघांत कधी न ठरवता ठरलेलं होतं. मामा म्हणजे पोराचा पाठीमागचा डोळा होता. तो आज सुरेख फोमला टेकून मिटलेला होता. मागून माणसं येत राहिली. पागा तीन गोलांनी हरली, तिन्ही डाव्या बाजूनं.

सोमवारी फलकावर आलं: शिवतेज इंगवले, आठवी ओळ, त्रासांक शून्य. जागा कायम.

धैर्यशील पेढे घेऊन बहिणीच्या घरी गेला. शिवतेज उंबऱ्यात बसून बुटांचा चिखल काढत होता.

"वाचला की रं रेड्या! संघात हाईस!"

शिवतेजनं मान वर केली नाही. "तीन गोल खाल्ले मी, मामा. आणि तुमच्या खुर्चीत शून्य. कुत्र्याला आला होता तेवढा."

"आरं, ते—"

"सत्त्याण्णव आला तवा सगळी पेठ हसली मला. मी काय म्हणलो माहीत हाय? म्हणलो, कुणाचा तरी एवढा जीव अडकलाय माझ्यात. संघात उरलेल्या बाकीच्यांना कुणाचं पन्नास पण न्हाई." त्यानं बूट उलटा करून आपटला. "आता तेबी न्हाई. तुम्ही सोडूनच दिलं मला."

"ते शून्य माझं न्हवतं! फोमचं होतं! मी कव्हर शिवलंय, डबल रेक्झिन लावून."

शिवतेजनं मामाकडं बघितलं. खोटं बोलताना माणसानं निदान पटंल असं बोलावं, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"मी हौद तालमीला सही केली, मामा," तो म्हणाला. "सकाळीच."

हौद तालीम रस्त्याच्या पलीकडं होती. रस्ता एवढा अरुंद, की दोन टेम्पो समोरासमोर आले तर एकाला मागं घ्यावं लागे. पण आजवर तो ओलांडून कुणी खेळायला गेलं नव्हतं. पागेतली पोरगी तिकडं दिली, तरी तिला आहेर करायला मन मोठं करावं लागे. धैर्यशीलनं पेढे कट्ट्यावर ठेवले आणि तो दुकानात येऊन बसला. कव्हर त्यानं उसवलं. फोम चांगला होता, तो एका स्कूटरला लावला.

महिन्याभरानं पागा आणि हौद समोरासमोर आले. स्टँड भरलं होतं. धैर्यशील यायचा नव्हता. पण रिकामी खुर्ची म्हणजे निषेध, आणि उरलेल्या पोरांचा काय गुन्हा? तो येऊन बसला. टेकून. पलीकडं, हौदाच्या पिवळ्या जर्सीत, डाव्या बॅकच्या जागेवर त्याचं पोर उभं होतं. वाळलं होतं.

सामना बरोबरीत चालला आणि संपत आला. पागेनं बॉल हिसकावला, एक लांब पास उजवीकडं पडला, आणि पागेचा विंगवाला, धैर्यशीलच्या स्वतःच्या तालमीचा, शिवतेजच्या पाठीमागून सुटला. शिवतेजला तो दिसत नव्हता. स्टँड उभं राहिलं. गोल ठरलेला होता. हंगामातला एकमेव आनंद आता तीन पावलांवर होता.

"मागं बघ की रं, रेड्या!"

आवाज सगळ्या मैदानावरून गेला. शिवतेजनं बघितलंसुद्धा नाही. पाय आपोआप मागं फिरला आणि बॉल बाहेर गेला. मग त्यानं आठव्या ओळीकडं बघितलं. एवढ्या लांबून तो हसला की उन्हानं डोळे बारीक केले, हे कळायला मार्ग नव्हता.

सामना बरोबरीत सुटला. शेजारच्या लोकांनी धैर्यशीलला काही म्हटलं नाही. एक शिवीसुद्धा दिली नाही. घरी जाताना त्याला त्याचंच फार लागलं.

सोमवारी मृण्मयी स्वतः दुकानात आली. मशीन चालू होतं. त्यानं ते थांबवलं नाही.

"काका, कौलानं नवी शिफारस काढलीय. तुमच्या खुर्चीनं परवा आजवरचा सगळ्यात मोठा त्रास नोंदवला, समोरच्या संघातल्या खेळाडूमुळं. यंत्र म्हणतंय, आपल्याला एवढा त्रास देणारा गडी आपल्याकडंच पाहिजे."

मशीन थांबलं.

"शिवतेजला बोलवा म्हणतंय. नियमानं कमिटीला बोलवावंच लागेल. तोही नाही म्हणायचा नाही, मला वाटतं. पण आधी तुम्हाला विचारावं म्हटलं."

धैर्यशीलनं सुईखालचं कापड सरळ केलं, मग परत वाकडं केलं. बाहेर रस्त्यापलीकडं हौद तालमीच्या दारात दोन पोरं बॉल उडवत होती.

"बोलव की," तो म्हणाला. मृण्मयी वळली, तशी त्यानं तिला थांबवलं. "आणि आल्यावर, त्याच्या पायात बॉल गेला म्हणजे... मी काय म्हणायचं गं त्याला?"