गंगूचा ढावलो

शेलूबाजारच्या एसटी थांब्यासमोर दौलतराव इंगोल्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पत्र्याचं, दहा बाय आठचं. दारातून कापसाच्या गाड्या जायच्या आणि दुपारपर्यंत काउंटरवर धुळीचा थर बसायचा. दौलतराव तो फडक्यानं पुसत आणि पुन्हा कामाला लागत. बारा वर्षं फौजेत सिग्नलमध्ये काढून ते बहात्तर साली गावी परतले होते. कानाला हेडफोन लावून खरखरीतून शब्द वेचून काढायचे, हेच त्यांचं तिथलं काम. आलेला रेडिओ उघडण्याआधी ते नुसता कान लावून ऐकत, आणि बिघाड कुठं आहे ते बहुतेक वेळा तिथंच सांगत. देव आणि भुतंखेतं त्यांच्या घरातून छप्पन साली, दीक्षा घेतली त्या एकाच दिवशी बाहेर गेली होती. त्यानंतर त्यांची उणीव कुणाला भासली नव्हती.

शहात्तरच्या माघात, बाजाराच्या दिवशी, एक म्हातारा एसटीतून उतरला आणि त्यांच्या काउंटरवर एक लोखंडी पेटी ठेवून उभा राहिला. करड्या रंगाची, चपलांच्या खोक्याएवढी. वर दोन व्हॉल्व्ह, मागं टेप किंवा रेडिओ जोडायची जागा, पुढं एक बटण आणि त्याच्या शेजारून निघालेला जाड वायरचा हेडफोन. पेटीवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. कुणीतरी हातानं बनवलेली दिसत होती.

"बिघाड काय हाये?" दौलतरावांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "जास्त आयकू येते," तो म्हणाला. "कमी करून पाह्यजे."

नाव सांगितलं उकंडराव, गाव सांगितलं नाही. चार दिवसांनी येतो म्हणाला आणि गेला. तो पुन्हा आला नाही.

दौलतरावांनी पेटी उघडली. आतलं काम सुबक होतं. सोल्डरचा एक डाग सुटला होता, तो त्यांनी पुन्हा लावला. मग दुकानातला चांगला रेडिओ जोडला, नागपूर केंद्र लावलं आणि हेडफोन चढवला.

असं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आवाज कानात येत नव्हता, कपाळाच्या आत उमटत होता. भजन चाललं होतं. तंबोऱ्याची प्रत्येक तार सुटी, तबल्यावर बोट पडलं की कातडं किती दबलं तेही कळावं. गाणाऱ्याच्या डाव्या अंगाला कुणीतरी मांडी बदलली, सतरंजी सरकली. दोन ओळींच्या मधली शांतता तर विहिरीतल्या पाण्यासारखी खोल आणि गार. दौलतराव तासभर तसेच बसून राहिले. मीडियम वेव्हवर इतकं बारीक येतच नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण येत होतं. फौजेतल्या सवयीनं त्यांनी वहीत तारीख टाकून सगळं लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बातम्या लावल्या आणि त्यांना पहिल्यांदा किळस आली. बातम्या देणाऱ्याची जीभ टाळूपासून सुटताना होणारा चिकट आवाज. ओठांच्या कोपऱ्यात जमलेली थुंकी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी घशाखाली उतरणारा आवंढा, आणि तो उतरताना आत काहीतरी उघडून मिटल्याचा ओला आवाज. शब्दांकडे लक्षच जाईना. एक माणूस आपल्या कानात तोंड घालून बसला आहे, असं वाटत राहिलं.

त्या दिवशी दुपारी घरी बायकोनं, वच्छलाबाईंनी, भाकर आणि पातोडीची भाजी वाढली. दोघं समोरासमोर बसले. तिनं पहिला घास चावला आणि दौलतरावांनी ताट सरकवलं.

"काहून? खाऊन नाई राह्यले तुमी?"

"भूक नाई."

"तब्येत तं बरी हाये नं?"

ती तोंडात घास ठेवून बोलत होती. त्यांनी मान वळवली. एकवीस वर्षांच्या संसारात त्यांना तिची कधी शिसारी आली नव्हती. आपल्याच मनाची त्यांना लाज वाटली, पण वळवलेली मान काही त्यांनी परत फिरवली नाही.

चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की बोलणाऱ्याच्या तोंडाखेरीज आणखी एक तोंड ऐकू येत आहे. भजन असो, बातम्या असोत की शेतकऱ्यांचा कार्यक्रम, मागं कुणीतरी चघळत होतं. सावकाश, तोंड उघडं ठेवून, घाई नसलेल्या माणसासारखं. केंद्र बदललं तरी तेच. त्यांनी दोन्ही व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर तपासले, मातीत नवी अर्थिंग पुरली. वहीत लिहिलं, 'मागील आवाज कायम.' हेडफोन काढला तेव्हा कानाला ओल लागली होती. हेडफोनच्या गाद्या चिकट झाल्या होत्या. घाम असेल म्हणून त्यांनी नाकाशी नेल्या, तर त्यांना सकाळच्या न धुतलेल्या तोंडाचा वास होता.

त्यांनी पेटीवर फडकं टाकलं आणि ती फळीवर सारली. ती तिथंच राहिली असती, पण आठवड्यानं गुलाबसिंग राठोड गुरुजी आले.

गुरुजी गावाजवळच्या शाळेवर होते. त्यांचा तांडा मानोऱ्याकडे. त्यांची बायको गंगू तीन वर्षांपूर्वी तापानं गेली होती. सासरी निघालेली बंजाऱ्यांची लेक एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. गंगूसारखा ढावलो आसपासच्या दहा तांड्यांत कुणाला येत नव्हता. नव्या नवऱ्या तिच्याकडे शिकायला येत. गाणी गोळा करत फिरणाऱ्या एका माणसानं तो एकदा टेपवर घेतला होता आणि एक रीळ गुरुजींना दिलं होतं.

"पोरीचं, लिलाचं, लगीन ठरलं," गुरुजी म्हणाले. "तिले मायचाच ढावलो म्हनाचा हाये. बाकी कोनाले तो पुरा येत नाई. पन या टेपात नुसती खरखर हाये हो. तुमाले काई करता आलं तं पाहा."

दौलतरावांनी आपल्या जुन्या स्पूल टेपवर रीळ चढवून स्पीकरवर लावलं. खरखरीच्या तळाशी बाईमाणसाचा आवाज हलत होता, पण शब्द एकही लागत नव्हता. त्यांचं लक्ष फळीकडे गेलं. नको, असं त्यांना स्पष्ट वाटलं. मग त्यांनी गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेटी खाली काढली.

आधी त्यांनी स्वतः ऐकलं. खरखर नव्हतीच. एक बाई त्यांच्या समोर बसून गात होती. हातातल्या बांगड्या एकमेकींवर घासत होत्या, गळा भरून येत होता. मायचा निरोप, बापाचा, भावाचा, मग गोठ्यातल्या गाईचा आणि शेवटी विहिरीचा. सात मिनिटं दहा सेकंद. बंजाऱ्यांची गोरमाटी बोली त्यांना तुटपुंजी कळायची, तरी डोळ्यांत पाणी आलं. मागं चघळणं होतंच, पण गाण्यानं ते दबून गेलं होतं. वहीत त्यांनी लिहिलं, 'निरोप पाच.'

मग हेडफोन गुरुजींना दिला. गुरुजी ऐकत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. गाणं संपल्यावर ते हात जोडून म्हणाले, "दौलतराव, मले ती भेटली."

शाळा सुटली की रोज यायचं, ऐकायचं आणि शब्द लिहून घ्यायचे, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी वही घेऊन आले. ते येण्याआधी दौलतरावांनी एकदा ऐकून घेतलं होतं. माय झाली, बाप झाला, आणि पुढं सरळ गाय. भाऊ नव्हता. टेप तुटली नव्हती, चिकटवली नव्हती. घड्याळ लावलं तर सात मिनिटं दहा सेकंद. भावाच्या निरोपाच्या जागी शांतता होती, आणि त्या शांततेत कुणीतरी चावत होतं. आता मागं नव्हे, अगदी पुढ्यात.

"गुरुजी, भावाचा निरोप कुठं गेला?" गुरुजी बसताच त्यांनी विचारलं.

"भाऊ? भाऊ कुठं होता त्याच्यात?"

"काल होता. तुमच्या वहीत पाहा. तुमी घरी जाऊन लिवलं असंन."

गुरुजींनी वही उघडली. त्यांच्याच अक्षरात चार ओळी होत्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या, जरासं ओशाळवाणं हसल्यासारखं केलं आणि पेन्सिलीनं काट मारली. "माह्या मनचंच लिवलं वाटते मी."

दौलतरावांनी रीळ उतरवून गुरुजींच्या हातात ठेवलं. "आता नका आयकू. पेटी खराब हाये."

"खराब? इतकं साफ आयकू येते नं!"

"तुमाले चघळल्यासारखं नाई येत आयकू?"

"येते नं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "ते गंगूच हाये. सुपारीची सवय होती तिले."

"सुपारी चावतानी कोनी गाते का, गुरुजी?"

गुरुजींनी रीळ पुन्हा काउंटरवर ठेवलं. "लगीन तीन हप्त्यावर आलं. पोरगी मायबिगर जाऊन राह्यली. एकडाव आयकू द्या. मंग नाई म्हनत."

दौलतरावांना नाही म्हणता आलं नाही. नंतर कितीतरी वर्षं त्यांना वाटत राहिलं की तिथं नाही म्हणायला हवं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. एसटी उभी होती, कंडक्टर कारंज्याच्या नावानं ओरडत होता. त्यांनी रीळ चढवलं. हेडफोनची एक बाजू गुरुजींच्या कानाला लावली, दुसरी स्वतःच्या.

गाद्या ओल्या होत्या. कोमट.

गंगूनं सूर लावला. मायचा निरोप सुरू झाला. पहिला शब्द निघाला आणि अर्ध्यातच तुटला. त्यावर दात आले होते. उरलेला अर्धा शब्द तोंडात फिरला, त्याचा रस सुटला, तो गालातून जिभेवर आला. मग आवंढा उतरला. लगेच पुढचा शब्द.

दौलतरावांनी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. पुन्हा वर गेली.

"गुरुजी!"

घाटी खाली आली.

मायचा निरोप संपला. बापाचा सुरू झाला. गंगूचा आवाज थरथरत होता, घाबरल्यासारखा, की ते त्यांना नुसतं वाटलं. दौलतरावांनी टेपची वायर उपटली.

गाणं थांबलं.

चावणं थांबलं नाही.

त्यांनी पेटीचा प्लग ओढला. व्हॉल्व्हमधला लाल उजेड मंदावला आणि गेला. कानात कुणीतरी बोटं चाटत होतं. एकेक, सावकाश.

त्यांनी पक्कड घेतली आणि हेडफोनची वायर कापली. कापल्या टोकातून तांब्याच्या तारांवर फेसाळ, दाट थेंब जमला आणि लोंबून त्यांच्या मनगटावर पडला. अंगातल्या रक्ताइतका गरम होता.

ते धावत दाराशी गेले आणि गटारावर वाकून ओकले. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिले. लोक जमले, कुणी पाणी आणून दिलं. परत आत आले तेव्हा गुरुजी खुर्चीत तसेच बसले होते. चेहरा समाधानी. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "झालं का?"

मग दौलतरावांनी तिथंच ते रीळ साध्या स्पीकरवर लावून पाहिलं. आधी सूर, मग तीन निरोपांएवढी लांब खरखर, आणि तिच्यानंतर गाय आणि विहीर, स्वच्छ, शब्दन्शब्द कळावा अशी. त्यांना वाटलं गुरुजी हंबरडा फोडतील. गुरुजींनी रीळ पिशवीत घातलं. "राहू द्या. माह्या पाठ झाला आता. लिलाले मीच शिकवतो."

पेटी दौलतरावांनी सुटी केली. दोन व्हॉल्व्ह, एक ट्रान्सफॉर्मर, सहा कंडेन्सर, थोडी वायर. यापलीकडे आत काही नव्हतं. एरवी ते स्क्रूसुद्धा टाकत नसत. हे सगळं गोणपाटात बांधून त्यांनी गावाबाहेरच्या उकिरड्याच्या खड्ड्यात पुरलं आणि हात राखेनं तीनदा धुतले. हळूहळू भूक परतली. दहाएक दिवसांनी ते वच्छलाबाईंसमोर बसून जेवले. तिनं भाकर जास्तीची वाढली.

लग्नाला गुरुजींनी घरी येऊन दोघांना बोलावलं होतं. जायची इच्छा नव्हती, पण गेले नाही तर कसं दिसेल, म्हणून दौलतराव वच्छलाबाईंना घेऊन मानोऱ्याच्या गाडीत बसले. तांड्यात मांडव होता, घागऱ्यांवरच्या आरशांनी ऊन चमकत होतं. चार वाजता निघायची वेळ झाली. लिला उठली आणि बाया तिच्याभोवती गोळा झाल्या.

तिनं सूर लावला. हुबेहूब गंगूचा. म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. ती मायच्या जागी उभ्या असलेल्या मावशीच्या गळ्यात पडली आणि तिनं तोंड उघडलं.

आवाज आला नाही. ओठ हलत होते, जबडा हलत होता. मग तिनं आवंढा गिळला. तिला धरून असलेल्या मावशीनं गिळला. भोवतालच्या पंधरावीस बायांनी एकदमच गिळला. मांडवात कुणी चमकलं नाही, कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

ती बापाच्या गळ्यात पडली. गुरुजींची घाटी वर गेली आणि खाली आली.

ती भावाच्या गळ्यात पडली.

मग ती गाईपाशी गेली आणि गाईचा निरोप तिनं खणखणीत गायला. विहिरीचाही गायला. सगळा मांडव हमसून रडला.

दौलतरावांनी वच्छलाबाईंचा हात धरला. "चाल. गाडी भेटन आता."

तिनं वळून पाहिलं. डोळे ओले होते. आतला घास संपवून घ्यावा तशी ती क्षणभर थांबली, गिळलं, आणि पदराच्या टोकानं ओठांचे दोन्ही कोपरे पुसले.

"थांबा नं जरा," ती म्हणाली. "लय गोड हाये."