पालकाची सही

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट शब्द न् शब्द खरी आहे. मी तिथं नव्हतोच, ते सोडा. म्हणजे होतो, पण शेजारच्या टेबलावर माहितीपत्रकं वाटत. तिथून कितीसं दिसणार? तेव्हा एक जागा मी पदरची भरली आहे. कुठली, ते शेवटी सांगतो.

बडोद्यात आमच्या विद्यापीठाच्या फाटकावर दर मे महिन्यात आगामी कार्यक्रमांचा फलक लागतो. शनिवारी बारावीच्या मुलांसाठी ओपन हाउस, रविवारी गावातल्या सगळ्यांना प्रयोगशाळा खुल्या, पुढच्या आठवड्यात पालकांसाठी व्याख्यान. फलक रंगीत असतो. त्याच्यामागे राबून राबून फिकं पडलेलं माणूस म्हणजे वत्सलाबाई. नावनोंदणीचं टेबल बावीस वर्षं त्यांचंच.

त्या शनिवारी साडेचारला त्यांच्या पायांना सूज आली होती. चपला टेबलाखाली काढून ठेवल्या होत्या. “बेन, पार्किंग क्यां छे?” हे सकाळपासून शंभरदा ऐकून झालं होतं. घरी जायची हरणीची बस साडेपाचची. पंखा गरम वारा ढवळत होता, आणि मांडव हळूहळू रिकामा होत होता.

तेवढ्यात डांबरगोळ्यांचा वास आला. वर्षानुवर्षं कपाटात घडी घालून ठेवलेल्या कपड्यांना येतो, तसा.

“मावशी, माझा फॉर्म.”

समोर आभा. फिकट पिवळा ड्रेस, दोन वेण्या. वत्सलाबाईंनी तिला ओळखलं, आणि ओळखल्यावर त्यांचे दुखणारे पाय एकदम गार पडले.

ही मुलगी दर वर्षी यायची. नागरवाड्यातल्या मंदाताईंबरोबर. ‘आभा, वय सतरा.’ पहिल्या दोन-तीन वर्षांत वत्सलाबाईंना वाटलं, घरात पाठोपाठच्या बहिणी असतील, आपणच नावं विसरतो. दिवसाला आठशे तोंडं बघणाऱ्या बाईला असं वाटू शकतं. पण मंदाताईंचे केस पिकत गेले, पाठ वाकली, काठी आली. मुलीची वेणीसुद्धा बोटभर वाढली नाही. गेल्या वर्षी मंदाताई सही करताना पुटपुटल्या होत्या, “हिला इथंच शिकायचं होतं हो. माझ्यामागं हिला कोण आणणार?” वत्सलाबाई म्हणाल्या होत्या, “पुढे चला ताई, रांग खोळंबलीय.”

“आई कुठंय?” आता त्यांनी विचारलं.

“आई दिवाळीत गेली.”

“मग... तू कुणाबरोबर आलीस?”

मुलगी हसली. अगदी शहाण्या मुलीसारखी. “ते अजून ठरायचंय, मावशी.”

आमच्याकडचा नियम असा, की अठरा पूर्ण नसतील तर पालकाच्या सहीशिवाय प्रयोगशाळेत सोडायचं नाही. फॉर्मच्या तळाशी छापलेलंच आहे: ‘या विद्यार्थ्याची संपूर्ण जबाबदारी मी घेत आहे.’ पण संध्याकाळी घाईत नियम पाळतो कोण? एकटं पोर आलं की टेबलावरचंच कुणीतरी सही ठोकतं. बावीस वर्षं असंच चाललंय. ते वाक्य कुणी वाचत नाही.

त्या दिवशी वत्सलाबाईंनी ते वाचलं. दोनदा.

“उद्या ये ना बेटा. उद्या सगळ्यांना खुलं आहे... सही लागत नाही.”

“उद्या मला येता येत नाही.”

“मग राहू दे.”

“मी थांबते.” ती थांबली. हलली नाही, कंटाळली नाही. टेबलाच्या कडेवर तिची बोटं होती, आणि पंख्याच्या वाऱ्यानं वत्सलाबाईंचे कागद उडत होते. तिच्या वेणीतली एक बटही उडत नव्हती.

सव्वापाच झाले. बाईंचे डोळे भरून आले, भीतीनं की थकव्यानं, त्यांनाच कळेना. त्यांनी पेन उचललं. सही केली.

आभा शेवटच्या तुकडीबरोबर आत गेली. तुकडी नेणारी कोमल अर्ध्या तासानं परतली. “एकोणीस नेले, एकोणीस आणले,” म्हणाली. फॉर्म वीस होते.

आता पदरचं काय ते सांगतो. सही वत्सलाबाईंनी केली नाही.

त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं, आणि फॉर्म शेजारच्या टेबलावर सरकवला. “पद्माकरभाऊ, तुम्ही करा ना. माझा हात भरून आलाय.” मी मोबाइलवर स्कोअर बघत होतो. वर न बघताच केली. वत्सलाबाई अनवाणीच बसकडे पळाल्या, चपला टेबलाखालीच राहिल्या, तेव्हा कुठं मी मान वर केली.

मकरपुऱ्यात मी एकटा राहतो. माझ्या कपाटात मी कधी डांबरगोळी ठेवलेली नाही. तरी हल्ली घरात तो वास येतो.

पुढच्या ओपन हाउसची तारीख आम्हांला ऑफिसात सोमवारी कळली. माझ्या घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती पेन्सिलीचा गोल त्याआधीच्या शुक्रवारपासूनच आहे.