गप्प बसणारं मशीन

कॉम्प्युटरच्या दुकानात एक चांगला शिकलासवरलेला दिसणारा माणूस एका कॅबिनेटला मिठी मारून उभा होता. कान पत्र्याला चिकटवलेला, डोळे मिटलेले. ती दारातच थबकली.

"अहो... तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"श्शूऽ!" डोळे न उघडताच त्यानं बोट वर केलं.

ती हबकलीच. ओळख ना पाळख, असं कुणी गप्प करतं? आणि तेही तिला, जिचं पोटच बोलण्यावर चालायचं! घरातल्या अडगळीच्या खोलीला तिनं आतून जुन्या रजया लावल्या होत्या आणि तिथे माइकसमोर बसून ती बोलक्या पुस्तकांसाठी कादंबऱ्या वाचायची. पण हल्ली तिचा कॉम्प्युटर तापायचा आणि त्याचा पंखा असा घोंघावायचा, की प्रकाशकांनी आख्खी कादंबरी परत पाठवली होती. 'आवाज गोड आहे, पण मागे विमान का उतरतंय?' असं पुन्हा झालं असतं तर काम दुसरीकडे गेलं असतं. म्हणून सुटे भाग आणून ती स्वतःच नवा कॉम्प्युटर जोडणार होती. अडलं होतं एकाच गोष्टीवर – तो थंड ठेवायला हवा बरी की पाणी?

"पंप," त्या माणसानं डोळे उघडले आणि डॉक्टरनं वाईट बातमी द्यावी तसं म्हटलं. "तुम्ही पाण्याचं घ्यायला आलाय?"

"हो. दुकानदार म्हणतात, आवाजच नसतो त्याला."

"असतो. बारीक असतो, पण थांबत नाही. मशीन निवांत असलं की पंखा दम खातो, पाणी फिरवणाऱ्या पंपाला ती सोय नाही. या, ऐका."

का कोण जाणे, तिनंही पत्र्याला कान लावला. समोर त्याचा चेहरा – इतका जवळ, की त्याच्या भुवईतला एक वाकडा केससुद्धा दिसला.

"ऐकू आलं?"

"आलं..." ती म्हणाली. पण जे धडधडत होतं, ते मशीन नव्हतं.

"तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करता?" तिनं विचारलं.

"छे. मी लोकांचे कान तपासतो. माझ्या तपासणीच्या खोलीतला कॉम्प्युटर गुणगुणला, की आजोबा लोक तीच गुणगुण तपासणीचा आवाज समजून बटण दाबतात आणि मी त्यांना कान ठणठणीत असल्याचं सांगून मोकळा होतो!"

ती खुदकन हसली. पण त्या 'श्शू'चा राग होताच. तिनं पाण्याचंच घेतलं, मुद्दाम त्याच्यादेखत! त्यानं निमूटपणे आपलं कार्ड तिच्या पिशवीत टाकलं.

घरी बाबांनी त्या नळ्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला. बाबा प्लंबर होते.

"विजेच्या वस्तूत पाणी? अगं, माझा संसार गळक्या पाण्यावर उभा राहिलाय. पाणी गळतंच, पोरी!"

पाणी गळलं नाही. पण रेकॉर्डिंगमध्ये तिच्या प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी नाकातून गुणगुणत होतं. चरफडत तिनं फोन लावला.

"कानवाले बोलताय का?"

"बोलतोय. पंप ना?"

तो रविवारी आला. हातात उष्णता शोषून घेणारा विटेएवढा अॅल्युमिनियमचा ठोकळा आणि दोन मोठे, संथ पंखे. ठोकळा बसवला तर कॅबिनेटचं झाकणच लागेना. "पुढच्या रविवारी यावं लागणार," तो म्हणाला, आणि त्याला त्याचं मुळीच वाईट वाटलेलं दिसलं नाही. पुढच्या रविवारी बुटका ठोकळा आला. त्याच्या पुढच्या रविवारी पंख्याचा वेग कमी करायचं निमित्त निघालं. बाबा तर त्याची वाट बघत दारात उभे राहू लागले – पाण्याविरुद्ध लढणारा जोडीदार मिळाला होता त्यांना!

मग कसोटीचा दिवस आला. रजयांच्या खोलीत दोघंच. "मशीन चालू, माइक चालू, आपण गप्प," तो म्हणाला. तिनं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. तो डोळे मिटून उभा राहिला. ती त्याच्या उजव्या खांद्याला खांदा लावून... खोलीच तेवढी होती.

अशी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. आता मशीन गप्प झालं, म्हणजे रविवार संपले. आणि मग तिच्या ओठांनी तिला न विचारताच, श्वासाइतक्या हळू म्हटलं,

"मला तू आवडतोस."

तू! आपण त्याला 'तू' म्हटलं? ती गारठून उभी राहिली.

त्यानं डोळे उघडले. चेहऱ्यावर समाधान. "मस्त! काहीच ऐकू आलं नाही."

काहीच नाही? तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. इतक्या सभ्यपणे कुणी नकार देतं?

"कॉफी करते," कसंबसं म्हणून ती बाहेर पळाली. स्वयंपाकघरात बाबा बेसिनखाली शिरून पाना फिरवत होते. तिनं दूध म्हणून पाणीच तापत ठेवलं आणि ते उकळून आटलं तरी तिला कळलं नाही.

"जरा येता का?" तो दारात उभा होता. हेडफोन गळ्यात, चेहरा पांढराफटक. "रेकॉर्डिंगमध्ये एक आवाज आलाय."

"पंख्याचा?" तिनं विचारलं. माइक! माइक चालूच होता!

"नाही. त्यात मला कुणीतरी... 'तू' म्हटलंय."

ती बर्नरकडे बघत राहिली. "तुम्हाला तेव्हाच ऐकू आलं होतं ना? मग काहीच नाही, असं का म्हणालात?"

"कारण तुम्ही उजवीकडे होता." त्यानं उजव्या कानाला हात लावला. "हा लहानपणापासून बंद आहे. अजिबात ऐकू येत नाही."

"तुम्ही... तुम्ही लोकांचे कान तपासता!"

"म्हणूनच तपासतो." तो ओशाळून हसला. "सांगायला हवं होतं. पण तुमचं सगळं काम आवाजाचं. वाटलं, अर्ध्या कानाचा माणूस तुम्ही कशाला..."

"वेडा आहेस का?" ती म्हणाली, आणि या वेळी 'तू' मुद्दाम होतं. ती त्याच्या डावीकडे गेली. टाचा उंचावल्या. "मला तू आवडतोस. आलं ऐकू?"

त्याच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढली. इतका भांबावला, की आवाजाचं भानच राहिलं नाही.

"मलापण तू आवडतेस!" तो जवळजवळ ओरडलाच.

बेसिनखालून पाना दणकन खाली पडला.

"माझे दोन्ही कान चांगले आहेत, बरं का!" बाबा आतूनच म्हणाले. मग थोडं थांबून, हळू आवाजात, "कॉफी तिघांसाठी करा. मी येतो बाहेर... सावकाश."