करावेच्या मासेमारीवरचा बेपत्ता लेख

"मॅडम, मी खोटारडी नाही!" सीवूड्सच्या त्या छोट्या ऑफिसात शिरता शिरताच संघमित्राने सांगून टाकलं.

खासगी गुप्तहेर क्रांती सोनवणेने तिला खुर्ची दिली. मदतनीस हौसेरावांना मात्र धीर नव्हता. "चोरीला काय गेलंय?"

"लेख, काका. १९९७चा. करावे गावच्या खाडीतल्या मासेमारीवरचा. लायब्ररीच्या डेटाबेसवर वाचला, प्रबंधात संदर्भ दिला. आता गाईड म्हणतात, असा लेखच नाही, तू रचलास. समितीकडे तक्रारही केलीय. आज सिद्ध केलं नाही तर माझी पीएचडी रद्द!"

"डाउनलोड नाही केलास?" क्रांतीने विचारलं.

"वाचून टिपणं काढली. पळून जाईल असं कुठे वाटलं होतं?"

लेखाला पाय फुटले, म्हणजे ते फोडणारा कुणीतरी असणार, असा हौसेरावांनी हिशोब केला.

कॉलेजात ग्रंथपाल मीनाताई भडकल्याच. "डेटाबेसची वर्गणी भरलेली आहे. मी कशाला हात लावलेला नाही. त्या दिवशी हिचा फोन बंद, म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर डेटाबेस उघडून दिला. उपकार केले, ते हे!"

"हीच!" हौसेराव कुजबुजले.

सहाध्यायी शौनक हसत होता. "आमी सगळ्यांनी शोधला ना! सरांनी ग्रुपवर लिंक टाकलीय. दाबली की शोधायचं पान उघडतं. करावे टाकलं, ढीगभर लेख आले. हा नाय."

"तू कुठून शोधलास?" क्रांतीने संघमित्राला विचारलं.

"नंतर? मीही त्याच लिंकवरून."

"ताई, हाच!" हौसेरावांनी आरोपी बदलला.

गाईड डॉ. सुधीर कारखानीस यांच्या केबिनमध्ये त्यांच्याच २००९च्या शोधनिबंधाचं पहिलं पान फ्रेम करून लावलेलं होतं.

"नंतरचे कुठे लावलेत?" क्रांतीने विचारलं.

"विभागप्रमुख झाल्यावर लिहायला वेळ कुठला? पण मुलांच्या ताटात शिळं संशोधन नको, म्हणून लिंक मी स्वतः बनवून दिलीय."

क्रांतीने मीनाताई आणि शौनकला आत बोलावलं.

"चोरी झालेलीच नाही. संघमित्राने लेख वाचला मीनाताईंच्या कॉम्प्युटरवर, लिंकशिवाय. नंतर शोधणारे सगळे सरांच्या लिंकवरून गेले. सरांना शिळं नको होतं, म्हणून लिंक बनवताना त्यांनी फक्त ताज्या लेखांची मर्यादा लावली. लिंकबरोबर ती मर्यादाही सगळ्यांकडे गेली. जुने लेख जागेवरच आहेत, फक्त दिसत नाहीत."

"कैच्या काय!" सर उसळले. "लेख असता तर दिसला असता."

"मग त्याच लिंकवर तुमचं नाव टाका, सर."

सरांनी तोऱ्यात नाव टाकलं. पडद्यावर उमटलं: एकही लेख सापडला नाही.

हौसेरावांनी पुढे वाकून पडदा वाचला.

"म्हणजे," हौसेराव सावकाश म्हणाले, "सरही रचलेलेच?"

सरांनी घाईघाईने मर्यादा काढली. आधी त्यांचं नाव आलं, मग करावेचा लेख. त्यांनी घसा साफ करून समितीला तक्रार मागे घेतल्याची मेल लिहिली.

"पाठवली. जा आता."

संघमित्रा हलली नाही. "दाखवा ना सर."

"विश्वास नाही माझ्यावर?"

"आहे ना, सर. पण संदर्भ तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."